सूटर : कुलाब्याच्या किनाऱ्यावरून एका इंग्रजी शब्दाचा माग

१/ नोव्हेंबर १७१२. कारवारहून मुंबईकडे निघालेल्या 'अ‍ॅन' या इंग्रजी जहाजाला कान्होजी आंग्र्यांच्या गुराबांनी वाटेत गाठले. चकमकीत टॉमस चाऊन हा ईस्ट इंडिया कंपनीचा तरुण नोकर तोफेच्या गोळ्याने ठार झाला. त्याची पत्नी कॅथरीन कैद होऊन कुलाब्याच्या किल्ल्यात आली. तिचे वय सोळा-सतरा, पोटात मूल, आणि वैधव्य दुसऱ्यांदा आलेले.

२/ अलिबागच्या इतिहासात ही घटना एखाद्या तळटीपेत उरते. पण एका इंग्रजी शब्दाचे जवळजवळ सगळे अर्थ या एका स्त्रीच्या आयुष्यात आणि या एका किनाऱ्याच्या इतिहासात एकत्र आलेले दिसतात. तो शब्द म्हणजे 'सूटर'. लग्नाची मागणी घालणारा तो सूटर, आणि एखादी कंपनी विकत घेऊ पाहणारी दुसरी कंपनी हीदेखील सूटरच. (थ्रेड)

३/ या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'सेक्वी' या क्रियापदात आहे. अर्थ : मागोमाग जाणे. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा सूटर म्हणजे जमीनदाराच्या न्यायसभेला हजर राहण्यास बांधलेला माणूस. पुढे तो दावा लावणारा पक्षकार झाला, मग सत्ताधीशाच्या दारी विनंती घेऊन उभा राहणारा अर्जदार झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो स्त्रीला मागणी घालणारा पुरुष झाला. विसाव्या शतकात बाजारवाल्यांनी तो कंपन्यांना लावला.

४/ अर्थ इतके बदलले, तरी मूळ क्रिया तीच राहिली : कोणाच्या तरी मागे लागणे. दाव्यासाठीचा 'सूट', पाठलागासाठीचा 'पर्स्यू', क्रमासाठीचा 'सीक्वेन्स' हे सारे याच घराण्यातले शब्द.

५/ या घराण्याची एक शाखा संस्कृतातही आहे. 'सच्' धातूचा अर्थ सोबत असणे, अनुसरणे. त्यावरून 'सचिव' झाला, म्हणजे राजाच्या सोबत राहणारा. 'सखा' हा शब्दही अभ्यासक याच मुळाशी जोडतात. म्हणजे अष्टप्रधानांतील सचिव आणि इंग्रजी नाटकातला प्रियकर सूटर हे शब्दांच्या नात्याने दूरचे चुलतभाऊ ठरतात.

६/ मराठीत या जागी 'मागणी' हा शब्द उभा राहतो. लग्नाला मागणी घालतात, मालाला मागणी असते, कामगारांच्या मागण्या असतात. 'मागणे' आले संस्कृत 'मार्ग्' धातूवरून, आणि त्याचा अर्थ शोधणे. 'माग काढणे' यातला माग आणि वाट या अर्थाचा मार्ग ही त्याचीच भावंडे. व्युत्पत्तिकार त्यांच्या मुळाशी 'मृग' ठेवतात : शिकारी मृगाच्या पावलांवरून जातो, तो माग.

७/ इंग्रजीने अनुसरण्यावरून शब्द घडवला, मराठीने माग काढण्यावरून. दोन्ही भाषांनी लग्नाची बोलणी आणि पाठलाग यांचे नाते ओळखले होते. मात्र दोन्ही शब्द मागणाऱ्याच्या बाजूने बोलतात. जिच्याकडे मागितले, तिला विचारले का, तिने नाही म्हटले तर काय होई, याची नोंद शब्दात होत नाही. ती इतिहासात शोधावी लागते.

८/ आरंभ एका खऱ्याखुऱ्या लग्नापासून करावा लागेल. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगांझा यांच्या विवाहाचा करार २३ जून १६६१ रोजी झाला. स्पेनच्या धाकात असलेल्या पोर्तुगालला आरमारी मित्र हवा होता आणि चार्ल्सला पैसा हवा होता. वधूसोबत रोकड, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजियर आणि मुंबईचे बंदर व बेट द्यायचे ठरले. मुंबई आंदण गेली ती अशी.

९/ आंदणाचा ताबा मात्र सहजी मिळाला नाही. बेट म्हणजे नेमके किती, साष्टी त्यात धरायची की नाही, यावरून वाद लागला. गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो इ काश्त्रू याने ताबा देण्याचे टाळले. इंग्रजांचे पाय मुंबईत रोवले गेले, तर पोर्तुगीजांचे हिंदुस्थानातील राज्य गेलेच समजा, असा इशारा त्याने आपल्या राजाला दिला होता.

१०/ इंग्रज राजाने धाडलेला सर अब्राहम शिपमन आणि त्याचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर अडकून पडले. रोगराईने त्यांतले बहुतेक मेले, १६६४ साली शिपमनही मेला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला. पोर्ट्समथमधल्या लग्नाला तोवर जवळजवळ तीन वर्षे उलटली होती.

११/ राजाला हे आंदण परवडेना. उत्पन्नापेक्षा खर्च जास्त होता. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. भाडे होते वर्षाला दहा पौंड, सोन्याच्या रूपात. विवाहातून आलेले बेट सात वर्षांत एका व्यापारी संस्थेच्या हिशेबवहीत जमा झाले. बेटावरील कोळी, भंडारी, कुणबी यांना यातील एकाही टप्प्यावर कोणी काही विचारले नाही.

१२/ ही संस्था कशी होती, हे इथे समजून घ्यायला हवे. ईस्ट इंडिया कंपनी भागधारकांच्या भांडवलावर उभी होती. तिचे भाग लंडनमध्ये विकले जात, संचालक निवडले जात, लाभांश वाटला जाई. म्हणजे आजच्या अर्थाने ती कंपनीच होती. फरक इतकाच की तिला तोफा बाळगण्याची, किल्ले बांधण्याची आणि तह करण्याची सनद होती.

१३/ आणि तिला स्वतःलाही एकदा गिळंकृत होण्याची भीती वाटली होती. १६९८ साली इंग्लंडमध्ये प्रतिस्पर्धी नवी कंपनी स्थापन झाली. तेव्हा जुन्या कंपनीने शहाणपणाने नव्या कंपनीतच ३,१५,००० पौंडांचे भाग घेऊन ठेवले आणि शत्रूच्या घरात मोठा भागधारक म्हणून पाय रोवला. १७०२ साली एकत्र येण्याचा करार झाला आणि १७०९ साली दोन्ही कंपन्यांचे पूर्ण विलीनीकरण झाले.

१४/ त्याच १७०९ साली बंगालकडे निघालेले एक इंग्रजी जहाज कारवारला थांबले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये नेमणूक झालेला कॅप्टन जेरार्ड कुक त्यावर सहकुटुंब होता. त्याची मुलगी कॅथरीन तेरा-चौदा वर्षांची होती. कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख जॉन हार्वे वयस्क, पण बऱ्यापैकी पैसेवाला होता. त्याने मुलीला मागणी घातली.

१५/ आईबापांनी होकार दिला. मुलीच्या नावे मालमत्ता मिळणार होती आणि पदरी इतर मुले होती. लग्न लावून जहाज पुढे बंगालला गेले, कॅथरीन कारवारला राहिली. या पहिल्या 'सूटर'ने मागणी आईबापांकडे घातली आणि उत्तरही आईबापांनीच दिले. ज्या काळात महाराष्ट्रातही बालविवाह सर्वत्र रूढ होते, त्या काळातला हा इंग्रजी नमुना आहे.

१६/ १७१२ साली हार्वे मेला. त्याच्या मालमत्तेचे काय करायचे, हा पेच उभा राहिला. कंपनीचे नोकर पगाराखेरीज स्वतःचा खाजगी व्यापार करीत, त्यामुळे हार्वेचे आणि कंपनीचे हिशेब एकमेकांत गुंतलेले होते. कंपनी आपले येणे सांगू लागली, विधवा आपला वाटा मागू लागली. कॅथरीन पहिल्यांदा दुसऱ्या अर्थाने 'सूटर' झाली : दावा सांगणारी.

१७/ लवकरच तिने टॉमस चाऊन या तरुण कारकुनाशी लग्न केले आणि दोघे मुंबईला निघाले. त्या प्रवासात आंग्र्यांचे आरमार आडवे आले. आंग्र्यांची बाजू इथे नीट मांडायला हवी, कारण इंग्रजी पुस्तकांनी दोनशे वर्षे त्यांना केवळ 'चाचे' म्हटले.

१८/ कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल होते. कोकणच्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे, हा त्यांचा हक्क होता. पोर्तुगीज तर हेच काम कार्ताझ देऊन दोनशे वर्षे करीत आले होते. इंग्रज कंपनीने मात्र आपल्या जहाजांसाठी कोणाचेही दस्तक घ्यायचे नाकारले आणि स्वतःचे परवाने इतर व्यापाऱ्यांनाही देऊ लागली. तंटा होता तो या समुद्राचा धनी कोण, याचा.

१९/ कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. अलिबागच्या किनाऱ्यासमोरच्या खडकावर तो उभा आहे. ओहोटीला पायी जाता येते, भरतीला पाण्याने वेढला जातो. मुंबईतील कुलाबा निराळा. या किल्ल्यात कॅथरीनने तीनेक महिने काढले. फेब्रुवारी १७१३ मध्ये तीस हजार रुपये खंडणी देऊन इंग्रजांनी कैदी सोडवले.

२०/ याच महिन्यांत कान्होजींसमोर मोठा निर्णय होता. ताराबाईंचा पक्ष धरायचा की शाहू महाराजांचा? त्याच वर्षी बाळाजी विश्वनाथांशी बोलणी होऊन ते शाहू महाराजांच्या बाजूला आले. त्यांचे किल्ले आणि सरखेलपद कायम राहिले. म्हणजे कुलाब्यालाही दोन मागण्या आल्या होत्या. फरक असा की कुलाब्याच्या धन्याला निवड करता आली, कारण त्याच्या हाती आरमार होते.

२१/ सुटकेनंतर कॅथरीन मुंबईत प्रसूत झाली. काही काळाने तिने विल्यम गायफर्डशी तिसरे लग्न केले. तोही कंपनीचाच नोकर. पुढे त्याला केरळातील अंजेंगो वखारीचे प्रमुखपद मिळाले. मिरीच्या व्यापारातील त्याच्या वागण्याने स्थानिक लोक चिडले होते. एप्रिल १७२१ मध्ये आट्टिंगल येथे राणीला नजराणे द्यायला गेलेला गायफर्ड आणि त्याच्यासोबतची जवळजवळ सगळी इंग्रज तुकडी मारली गेली.

२२/ कॅथरीन होडीतून मद्रासकडे निसटली. ती तिसऱ्यांदा विधवा झाली होती आणि तिसऱ्यांदा नवऱ्याच्या व कंपनीच्या हिशेबांचा गुंता तिच्या गळ्यात आला होता. अंजेंगोच्या वह्या आणि पैसा यांचा जाब कंपनी तिलाच विचारू लागली. तिचे तिन्ही नवरे कंपनीचे नोकर होते. तिला आयुष्यात सर्वांत चिकाटीने कोणी गाठले असेल, तर ते कंपनीनेच.

२३/ १७२१ सालीच कंपनीने कुलाब्याकडे मोर्चा वळवला. त्याआधी १७१७ ला विजयदुर्गावर आणि १७१८ ला खांदेरीवर तिचे हल्ले फसले होते. आता कंपनीच्या विनंतीवरून इंग्लंडच्या राजाने कमोडोर टॉमस मॅथ्यूज याच्या हाताखाली शाही युद्धनौका पाठवल्या. पोर्तुगीजांशी तह झाला. साठ वर्षांपूर्वीचे व्याही कान्होजींविरुद्ध पुन्हा एका मांडवाखाली आले.

२४/ डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांची संयुक्त फौज चौलमार्गे अलिबागवर चालून आली. किल्ला पडला नाही. साताऱ्याहून पाठवलेली मराठी फौज मदतीला पोहोचली, तिच्यामागे तरुण बाजीराव पेशवे आले. दोन मित्रांत एकमेकांवर दोषारोप सुरू झाले. जानेवारी १७२२ मध्ये अलिबागजवळच्या वरसोलीला पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवत परतले.

२५/ या मॅथ्यूजचे मुंबईच्या इंग्रज अधिकाऱ्यांशी चांगलेच वाजले होते. कंपनीवर राग असलेल्या या आरमारी अधिकाऱ्याने कॅथरीनला आश्रय दिला आणि आपल्या जहाजावरून तिला इंग्लंडला नेले. ज्या कुलाब्यात ती कैदी होती, तो जिंकायला आलेला आणि न जिंकता परतणारा माणूस तिचा पाठीराखा झाला. तिचा आणि कंपनीचा हिशेबाचा वाद पुढे लंडनमध्ये लढला गेला.

२६/ १७२९ साली कान्होजी वारले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. त्यांच्या मुलांत वाटणीचे तंटे लागले. कुलाबा आणि विजयदुर्ग असे दोन भाग पडले. १७५६ साली इंग्रज आरमाराने पेशव्यांच्या संमतीने विजयदुर्गावरचे तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले. कुलाब्याचे आंग्रे टिकले, पण त्यांच्या पाठीशी उभे राहणारे सातारा-पुणे १८१८ नंतर उरले नाही. १८२२ च्या तहाने कुलाबा संस्थान कंपनीच्या अंकित झाले.

२७/ १८३८ च्या अखेरीस रघुजी आंग्रे वारले. त्यानंतर जन्मलेला त्यांचा मुलगा, दुसरे कान्होजी, १८३९ साली बाळपणीच गेला. आंग्र्यांच्या घरातील विधवांनी दत्तक घेण्याची परवानगी मागितली. सूटर या शब्दाचा जुना अर्थ, सत्ताधीशाच्या दारी विनंती घेऊन उभा राहणारा, तो अलिबागच्या वाड्यातील या स्त्रियांना तंतोतंत लागू पडतो.

२८/ परवानगी नाकारली गेली. घरातल्या मालमत्तेचा वारसा वेगळा आणि राज्याचा वारसा वेगळा, अशी कंपनीची मांडणी होती. राज्याच्या दत्तकाला सार्वभौम सत्तेची संमती लागते, आणि सार्वभौम सत्ता म्हणजे अर्थात कंपनीच. १८४० साली कुलाबा संस्थान खालसा झाले. १७२१ मध्ये शाही युद्धनौकांना जमले नाही, ते एका नकाराने झाले.

२९/ दत्तक नामंजुरीचे धोरण म्हटले की लॉर्ड डलहौसी आठवतो. सातारा १८४८, झाशी १८५३-५४, नागपूर १८५४ ही नावे पाठ असतात. डलहौसी हिंदुस्थानात पाऊल ठेवण्याच्या सात-आठ वर्षे आधी, लॉर्ड ऑकलंडच्या कारकिर्दीत, हाच प्रयोग अलिबागेत झाला होता. १८४१ साली तर कंपनीच्या संचालकांनी, न्याय्य मार्गाने मिळणारा मुलूख वा महसूल सोडू नये, असे धोरणच घालून दिले.

३०/ व्यवहाराच्या भाषेत १८४० चे खालसाकरण म्हणजे काय होते? एका भागधारकी कंपनीने एक चालते संस्थान ताब्यात घेतले. तिथे नकार देण्याचा हक्क कागदावरही कोणाकडे उरला नव्हता, कारण विनंती मंजूर करणारा आणि मालमत्ता घेणारा एकच होता. मागणी घालणाराच पंच झाला, की होकार-नकाराला अर्थ राहत नाही.

३१/ आधुनिक कायद्याने नेमका हा पेच सोडवायचा प्रयत्न केला. भारतात सेबीच्या २०११ च्या नियमांनुसार एखाद्या सूचीबद्ध कंपनीतील २५ टक्के वा अधिक मतदानाचे हक्क घेणाऱ्याला बाकीच्या भागधारकांसमोर किमान आणखी २६ टक्क्यांसाठी खुला प्रस्ताव ठेवावा लागतो. त्या कंपनीच्या स्वतंत्र संचालकांना प्रस्तावावर लेखी मत द्यावे लागते. मागणी उघड असावी आणि उत्तर देणारा वेगळा असावा, हे त्यामागचे तत्त्व आहे.

३२/ बाजाराच्या बातम्यांत लग्नाची भाषा इथूनच येते. संचालक मंडळाच्या संमतीने आला तर तो स्नेहाचा प्रस्ताव. मंडळाला डावलून थेट भागधारकांकडे गेला तर तो शत्रुत्वाचा. नकोशा सूटरापासून वाचवायला धावून येणारा दुसरा खरेदीदार म्हणजे 'व्हाइट नाइट', पांढऱ्या घोड्यावरचा राजकुमारच. शेअर बाजाराने प्रणयकथेची पात्रे जशीच्या तशी उचलली.

३३/ मुंबईतच एक उदाहरण आहे. १९३८ साली दोन डॅनिश अभियंत्यांनी स्थापलेल्या लार्सन अँड टुब्रोत १९८०च्या दशकाच्या अखेरीस रिलायन्सने मोठा वाटा घेतला. धीरूभाई अंबानी १९८९ साली तिचे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ते पद सोडले. २००१ साली रिलायन्सने आपला वाटा बिर्ला समूहातील ग्रासिमला विकला. एका सूटराच्या जागी दुसरा आला.

३४/ मग तोड निघाली. कंपनीचा सिमेंट विभाग वेगळा होऊन ग्रासिमकडे गेला, आजचे अल्ट्राटेक ते हेच. त्या बदल्यात ग्रासिमकडे असलेले लार्सन अँड टुब्रोचे समभाग कर्मचाऱ्यांच्या न्यासाने विकत घेतले. ज्यांना अशा व्यवहारात सहसा कोणी विचारत नाही, ते नोकरदार इथे मागणीचे उत्तर देणाऱ्यांच्या रांगेत आले.

३५/ पुढची कलाटणी २०१९ ची. आता लार्सन अँड टुब्रो स्वतः सूटर झाली. माइंडट्री या संगणक सेवा कंपनीतील सुमारे २० टक्के समभाग तिने एका मोठ्या भागधारकाकडून घेतले आणि खुला प्रस्ताव ठेवला. माइंडट्रीच्या संस्थापकांनी उघड विरोध केला. जूनअखेर ६० टक्क्यांहून अधिक समभाग लार्सन अँड टुब्रोकडे होते. संस्थापक नाही म्हणत होते, पण कायद्याने प्रश्न भागधारकांना विचारला होता.

३६/ म्हणजे प्रश्न आजही तोच उरतो : विचारायचे कोणाला? १७०९ साली कारवारला तो मुलीऐवजी आईबापांना विचारला गेला. १६६१ साली मुंबईविषयी तो लिस्बनमध्ये विचारला गेला. १८३९ साली अलिबागेत विचारणारेही तेच आणि उत्तर देणारेही तेच होते. आज तो भागधारकांना विचारला जातो, बाकीच्यांना क्वचित.

३७/ आणखी एक गोष्ट शब्दांची. मागे लागणाऱ्याला इंग्रजीत सूटर हे सभ्य नाव आहे. ज्या कंपनीच्या मागे लागायचे, तिला मात्र कायद्याच्या पुस्तकात 'टार्गेट कंपनी' म्हणतात. टार्गेट म्हणजे नेमबाजाचे लक्ष्य. मराठी मागणीच्या मुळाशी शिकारीचा माग होता. इंग्रजी कायद्याच्या भाषेलाही नकळत तेच रूपक सुचले.

३८/ मराठीत लग्नाच्या बोलण्यांत समोरच्या पक्षाला 'स्थळ' म्हणतात. स्थळ आले, स्थळ पाहिले, स्थळ नाकारले. या भाषेत निदान 'नाकारले' हे क्रियापद मागणीइतकेच रूढ आहे. कुलाबा हे असे एक स्थळ होते. १७२१ च्या डिसेंबरात त्याने नकार दिला आणि तो पाळला गेला, कारण तटावर तोफा होत्या आणि साताऱ्याहून फौज निघाली होती.

३९/ १८४० नंतर अलिबागला कंपनी सरकारचे अधिकारी बसले. १८६९ साली कुलाबा जिल्हा झाला, १९८१ साली त्याचे नाव रायगड ठेवले गेले. आंग्र्यांच्या घरातील विधवांच्या अर्जाला पाठ्यपुस्तकात क्वचितच एखादी ओळ मिळते. कॅथरीनला तितकीही नाही. ओहोटीला कुलाब्याकडे चालत जाणाऱ्यांनी या अर्जदार स्त्रियांचीही आठवण ठेवायला हरकत नाही. सूटर या शब्दाचा एक जुना अर्थ त्यांच्याही नावे आहे.

(समाप्त)